तेराजणी, अकरा ओटे

सोमवार, २० फेब्रुवारी १९५६

कमलाकांतच्या घरात आज नववा दिवस — मासळी नाही! पाठारे प्रभूच्या घरात नऊ दिवस वांगं-बटाटा! त्याची बायको बेबी जिन्यात भेटली तर तोंड असं, जसं घरात सुतक. मी मुद्दाम विचारलं, “आज काय केलंस गं?” म्हणाली, “मुगाची आमटी.” मी म्हटलं, “छान. पचायला हलकी.” आणि वर येऊन ताज्या हलवा मासळीचं भुजणं केलं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवून.

भोगा म्हणावं. नवऱ्याला कोणी सांगितलं होतं शांतता समितीत जायला? गेल्या महिन्यात याच गिरगावात गोळ्या चालल्या. माणसं मेली. मुंबई आमची म्हणाले एवढाच गुन्हा! आणि आता लगेच शांतता हवी! सरकारने वॉर्डातली ‘प्रतिष्ठित’ माणसं गोळा केली, त्यांना बिल्ले दिले. माझा हा चुलतभाऊ तिचा चिटणीस. बिल्ला लावून वाण्याकडे जातो.

कोळणींनी बरोबर केलं. बाजारात बसणाऱ्या तेराजणींनी ठरवलं — समितीवाल्यांच्या घरी काटासुद्धा द्यायचा नाही, पकडलेली पाच मुलं सुटेपर्यंत. त्या पाचांत आमच्या सोनूबाईचा हरेश्वर आहे. वरळीहून आईला न्यायला आला होता. मी गॅलरीत होते, डोळ्यांनी पाहिलं — हातात दगड नव्हता, आईच्या पाटीचं फडकं होतं. चौकीवर जाऊन तसं सांगितलं. तिथला अधिकारी म्हणतो, “आजी, घरी जा, ऊन लागेल.” आजी! मला!

गुणवंती, हरेश्वरची बायको, पाच महिन्यांची गरोदर आहे. सोनूबाई तरी रोज पाटी घेऊन येते. मी समितीत नाही, म्हणून माझ्या दारात पाटी उतरते. तीस वर्षं उतरते आहे.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखलं. तीन प्रतिष्ठित गृहस्थ मोटारीतून वरळीला गेले — वाटाघाटी करायला! कोणाशी? सोनूबाईच्या नवऱ्याशी. धोंडू म्हणजे कोळीवाड्यात मान असलेला माणूस, त्याच्यापुढे नारळ ठेवला, विडा ठेवला, गोड बोलले. बिचारा छातीच्या दुखण्याने हैराण. विडा घेतला, “बरं” म्हणाला. हे तिघे परत आले ते विजयी वीर. बेबीने मसाला वाटून ठेवला.

आज सकाळी मासळी? नाही!

सोनूबाईने पाटी उतरवता उतरवता सांगितलं — “मासली पान्यान हाय तवर त्याची. पाटीन पडली का आमची. त्यानं विडा घेतला, तो त्यानं खाल्ला. माजा काय संबंध?”

शेकडो वर्षं या बेटावर राहून प्रभूंना एवढं कळू नये? पुरुष मासे मारतो, विकते बाई. भाव बाईचा, बाजार बाईचा, भांडण बाईचं. आणि हे शहाणे तह करून आले नवऱ्याशी!

शनिवार, २५ फेब्रुवारी

बेबी वर आली. साखर मागायला. बरोबर साडेबाराला. तिला दोन बोंबील दिले. उभ्या उभ्या खाल्ले. कमलाकांतला सांगणार नाही म्हणाली.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

कमलाकांत स्वतः वर आला. बिल्ला काढून. “दुर्गाताई, तुझ्याशिवाय हे कोणाला जमणार नाही. तू अठ्ठावीस वर्षं कॉन्सुलेटमध्ये काढलीस. तुला या गोष्टींचं वळण माहीत आहे.”

माहीत आहे! म्हणूनच तर चीड येते. अठ्ठावीस वर्षं मी परक्या देशाच्या वकिलातीत साहेबांची पत्रं टाइप केली. लढाया थांबवायच्या म्हणजे काय करतात ते माझ्या बोटांना पाठ आहे. एका राजाला बंदर बांधून देऊ, दुसऱ्याला गहू देऊ, तिसऱ्याच्या मुलाला शिकायला नेऊ. भाषा अशी की वाचणाऱ्याला वाटावं संतांनी लिहिलंय. मैत्री, सद्भावना, उभय पक्षांचं कल्याण. पहिले दोन परिच्छेद नुसते लोण्याचे. खरी गोष्ट नेहमी शेवटी. माझे जुने साहेब म्हणायचे, “मिस दुर्गा, पत्र शेपटीकडून वाचत जा.” आणि ज्याचं घर जळलं त्याचं नाव त्या पत्रांत कधी आलं नाही. एकदाही नाही.

कमलाकांत म्हणाला समिती पत्र लिहिते आहे, इंग्रजीत, कारण वर दाखवावं लागतं. मी ते बायकांना मराठीत वाचून दाखवायचं.

“आधी घरी नीट वाच,” म्हणाला. “एकटी. मग काय सांगायचं ते सांग. काही गोष्टी कागदावर आहेत तेवढ्याच, मला तोंडाने बोलता येत नाहीत.”

मी म्हटलं, “लखोटा त्यांच्या नावाचा, तर तो त्यांच्यासमोरच फुटेल. मला रीत शिकवू नकोस.”

“पण ताई —”

“पण नाही, बीण नाही.”

गेला. मी बरोबर बोलले.

शुक्रवार, २ मार्च

संतापाने अक्षर बघा कसं आलंय!

सकाळी बाजारात गेले. तेराही जणी कामं थांबवून भोवती. मालन — सर्वांत धाकटी, जीभ सर्वांत लांब — तिने मला बसायला पालथी पाटी दिली. लखोटा सगळ्यांना दाखवला, मग फोडला. आत एकच कागद. आणि कसला कागद! कांद्याच्या पापुद्र्यासारखा. टाइप तर असा ठोकलेला की अक्षरं एकमेकांत घुसलेली, मागून काळे डाग उमटलेले. आमच्या कॉन्सुलेटमध्ये असा कागद कोणी धोब्याच्या यादीलाही वापरला नसता.

पहिला परिच्छेद — घडल्या गोष्टींचा खेद. खेद! कोणी केलं ते नाही, नुसता खेद. आकाशातून पडल्यासारखा.

दुसरा — समितीच्या शिफारशीने बाजारात पक्के दगडी ओटे बांधून मिळतील. वर पत्रा, जवळ नळ. आज या बायका गोणपाटावर, चिखलात बसतात. एकीने “आगो बाय!” म्हटलं, डोळे चमकले तिचे. मीही क्षणभर थांबले. मग आकडा वाचला. ओटे अकरा.

मालनने बोटं मोजली नाहीत, लगेच बोलली, “अकरा? आमी तेराजनी.”

तेराजणींनी एकमेकींकडे पाहिलं. तेच तर हवं होतं! अशी पत्रं मी शेकड्यांनी टाइप केली आहेत. चुकून अकरा नाही लिहिलेलं. तेराजणींना अकरा ओटे द्या, पुढचं भांडण त्या स्वतःच करतील, तुम्हाला हातही लावायला नको!

तिसरा — बहिष्कार ताबडतोब मागे घ्यावा, मोर्च्यात जाऊ नये, उत्तर पंधरा दिवसांत. कागद संपला. खाली सहीसुद्धा नाही! एवढाही धीर नाही यांना की केल्या कामाखाली नाव घालावं!

सोनूबाई म्हणाली, “बस? आनखी काय नाय?”

“आणखी काय असणार?”

“माज्या हरेश्वराचा काय नाय लिवला?”

मी म्हटलं, “नाही. एक शब्द नाही.”

तिने माझ्या हातातला कागद घेतला. मी म्हटलं, “दे, फाडून टाकते. नाही तर बोंबील बांध त्यात.” तिने ऐकलं नाही. नीट चौघडी केली, कनवटीला लावली. “सरकारी कागद हाय बाय. ऱ्हाऊ दे.”

मग तिने बाकीच्यांना विचारलं, काय करायचं. मालन म्हणाली, “ओट्यावर बसून पोरं इसरायची का?” तेराजणी — एकही फुटली नाही. कॉन्सुलेटमधल्या एकाही परिषदेत मी असं पाहिलं नाही.

शनिवार, ३ मार्च

उत्तर टाइप केलं. चांगला जाड कागद, एका बाजूला, रुंद समास, तीन प्रती. मला टायपिंग शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने पाहिलं असतं तर मान डोलावली असती. मजकूर एक ओळ. आम्ही आपला प्रस्ताव संपूर्णपणे नाकारतो. खाली तेरा अंगठे.

‘संपूर्णपणे’ हा शब्द मी घातला.

सोमवार, ५ मार्च

कमलाकांत उत्तर घेऊन धावत वर. पांढराफटक.

“तू त्यांना सगळं वाचून दाखवलंस?”

“अक्षर न् अक्षर.”

“आणि तरी नाही म्हणाल्या?”

“तुझ्या ओट्यांसाठी विकल्या जातील वाटलं का?”

“ओट्यांचं नाही म्हणत मी, दुर्गाताई. त्या पोराची तरी दया —”

पुढे बोलूच दिलं नाही. दया! त्या पोराला आत टाकणाऱ्यांचा बिल्ला लावून हिंडायचं आणि मला दया शिकवायची? म्हटलं, “हरेश्वरचं नाव तुझ्या तोंडून माझ्या घरात पुन्हा निघता कामा नये!” दाराकडे बोट दाखवलं.

दारात थांबून म्हणाला, “तुझं काळीज दगडाचं आहे.” आणि गेला. चप्पल उलटीसुलटी घालून.

लहानपणी मी त्याला हात धरून शाळेत न्यायची. आता बोलणं बंद. बरं झालं.

रविवार, १८ मार्च

मुदत संपली. आम्ही हललो नाही.

मंगळवार, १० एप्रिल

आता माझी पाळी! समितीचे एक गृहस्थ आले. गोड, सेंट लावलेले. माझ्या घरी टेलिफोन लवकर मिळवून देता येईल म्हणाले. ‘आपल्यासारख्या विदुषींची’ समितीत गरज आहे म्हणाले. मी चहा दिला, फुटक्या कपातून. म्हटलं, “टेलिफोन करू कोणाला? तुरुंगात घेतात का?” उठले.

पुतण्या मनमोहनची नागपूरहून मुंबईला बदली होऊ शकते, असंही जिन्यात पुटपुटले. मी जिन्याच्या वरून ओरडले, “त्याला तिकडची संत्री मानवली आहेत!” सगळ्या मजल्यांनी ऐकलं. ऐकू दे.

मनमोहनच्या आईला हे कळवलेलं नाही.

शनिवार, १४ एप्रिल

सोनूबाई आज उशिरा आली. धोंडू आजारी. हरेश्वर नाही म्हणून म्हातारा पहाटे होडीवर जायचा. थंडीत, ओल्या अंगाने. आता छातीत पाणी झालंय म्हणतात.

मी म्हटलं, मोठ्या इस्पितळात नेऊ. सोनूबाई म्हणाली, “तो बोलतो, पोऱ्या येऊ दे, मंग जाईन.”

गुरुवार, १९ एप्रिल

धोंडूला पाहायला वरळीला गेले. खाटेवर बसून जाळं विणत होता. श्वास घेताना आवाज येतो, आणि बोटं चालूच. मला म्हणाला, “बाय, तुमी लिवणाऱ्या. एक कागद लिवा ना. आठ दिसांसाठी सोडा बोला.”

लिहिला. डॉक्टरचा दाखला जोडला. गुणवंतीने स्वतः नेऊन दिला, त्या अवस्थेत, भर उन्हात. पोच मिळाली. उत्तर नाही.

सोमवार, १४ मे

धोंडू गेला. काल पहाटे.

अर्ज पुन्हा केला, हाताने लिहून, टाइप करायलाही थांबले नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. प्रेत दारात. कोळीवाडा सगळा रस्त्यावर. कोणी वाटेकडे बघत होतं, कोणी माझ्याकडे. शेवटी धोंडूच्या पुतण्याने अग्नी दिला. पोटचा मुलगा जिवंत असताना, याच शहरात असताना! शत्रूच्या सैनिकालासुद्धा प्रेतं उचलायला वेळ देतात. मी स्वतः टाइप केलेत तसले करार. इथे बापाला अग्नी द्यायला मुलगा सोडला नाही!

देव यांना क्षमा करो. मी नाही करणार.

कमलाकांत आला होता. लांब उभा होता, बिल्ला नव्हता. सोनूबाईकडे बघत नव्हता — माझ्याकडे बघत होता, टक लावून. जवळ येऊन म्हणाला, “मला वाटलं होतं निदान तू...”

मी पाठ फिरवली.

बुधवार, १३ जून

समुद्र बंद, होड्या वर ओढल्या. विकायला मासळीच नाही, तर बहिष्कार कसला? कोणी मागे घेतला नाही, कोणी मोडला नाही. सुकटीवर दिवस.

गुणवंतीला मुलगी झाली. सोनूबाई म्हणाली, डोळे धोंडूचे.

शनिवार, २८ जुलै

दोन बातम्या.

एक — हरेश्वर सुटला! पाचही सुटले. का धरलं होतं ते सांगितलं नाही, का सोडलं तेही नाही. हाडं राहिलीत. आल्या आल्या दाढी न करता आईला घेऊन माझ्याकडे आला, पायांवर डोकं ठेवलं. “मावशे, तू हुतीस म्हनून आमची आय वाकली नाय.” सहा महिन्यांनी सुटला, बाप नाही, मुलगी दीड महिन्याची. आणि माझे आभार मानतो.

सोनूबाई म्हणाली, “आमी काय इकला नाय.” तिला सांगितलं, हे वाक्य दगडात कोरून ठेवलं पाहिजे.

दुसरी — इजिप्तने कालवा ताब्यात घेतला. धरण बांधून देतो, धरण बांधून देतो म्हणून बड्या राष्ट्रांनी नाचवलं आणि आयत्या वेळी हात काढून घेतला. घ्या आता! पेपरवाल्यांना धक्का बसलाय. मला नाही. आमिष दाखवून माणसाला चालवायचं, मग तो स्वतःच्या पायांनी चालला की आरडाओरड! मी सगळ्या मजल्यावर हे बोलले. खालचं दार बंद झालं.

शनिवार, ११ ऑगस्ट

दिल्लीने नवं खेळणं काढलं. मोठं द्वैभाषिक राज्य! मुंबई घ्या, विदर्भ घ्या, गुजरात पण घ्या, सगळं एका ताटात — फक्त संयुक्त महाराष्ट्राचं नाव काढू नका. मागितलं घोटभर पाणी तर म्हणतात हा घ्या समुद्र. तेराजणींना अकरा ओटे, दुसरं काय! शेजारचे एक मास्तर म्हणाले, “बाई, मिळतंय ते घ्यावं, उरलेलं नंतर बघता येतं.” मी म्हटलं, “मास्तर, वाटाघाटीत घाईने ‘हो’ म्हणणारा नेहमी फसतो.”

रविवार, २६ ऑगस्ट

नारळीपौर्णिमा झाली, होड्या गेल्या. आज सोनूबाईने हंगामातलं पहिलं पापलेट आणलं — आधी माझ्याकडे. पाटी उतरवताना ‘आई गो’ म्हणाली, आधी कधी म्हणत नसे.

आम्ही नाकारले तरी बाजारात ओटे बांधून झालेत. अकराच. मालन आणि आणखी एक बाहेर चिखलात. हरेश्वर म्हणतो, दोन ओट्यांसाठी आपण अर्ज करायचा, मावशीच्या हातचा. सोनूबाईने पुरावा आणलाय — मार्चमधलं ते पत्र! पत्र्याच्या डब्यात, धोंडूच्या टोपीखाली ठेवलं होतं म्हणे. “बोल्ले नव्हते, सरकारी कागद कामाला येतो?”

येताना पाटीजवळ ठेवला होता, मासळीचं पाणी लागून भिजलाय. गॅलरीत वाळत घालते. उद्या सकाळी अर्ज. आकडा अकराच का, हे त्यांच्याच पत्रातून त्यांना विचारणार आहे. कडक लिहिणार आहे.

सोमवार, २७ ऑगस्ट

कागद काल पालथा वाळत घातला होता.

पाठीवर टाइप आहे.

चौथा परिच्छेद. होकार आल्यापासून आठ दिवसांत हरेश्वर धोंडू आणि इतर चौघांना सोडण्यात येईल, तशी वरून तोंडी हमी मिळाली आहे. हे बाजारात मोठ्याने वाचू नये, नुसतं समजावून सांगावं. राहिलेल्या दोन ओट्यांसाठी समिती प्रयत्न करील. खाली सही. कमलाकांतची, पूर्ण नावानिशी.

सोनूबाई दहाला येईल. तिला वाचता येत नाही. म्हणून तर ते पत्र मी वाचलं होतं.